थेंबाला कोण विचारतं!

छत्तीस फोटोंच्या रोलमधले चौतीस फुकट जातात, हा आमचा अनुभव. पण फुकट गेलेला फोटो एकटा जात नाही, मागे एखादा किस्सा ठेवून जातो. त्यामुळे आमच्याकडे फोटो मोजके आणि किस्से पोतंभर. मी सांगायला बसलो की मित्र म्हणतात, "मोकाशी, तू चिडून सांगतोस ना, म्हणून मजा येते." मजा! माझं डोकं अजून फिरतं आणि यांना मजा येते!

आधी माणसं सांगतो. मी चिंचवडच्या एका कारखान्यात इन्स्पेक्शनला होतो, म्हणजे दुसऱ्यांच्या कामातल्या चुका काढायला. सोपान आमच्या टूलरूममधला टर्नर, कारखान्याला लागून असलेल्या जुन्या गावचा. आणि सलीमभाई, स्टेशनजवळ फोटो स्टुडिओ चालवणारे. सत्तरच्या आसपास आम्हा तिघांना किड्यामुंग्यांचे आणि दवाच्या थेंबांचे अगदी जवळून फोटो काढायचं वेड लागलं. तिघांत मिळून एक जुना रशियन कॅमेरा. परदेशी मासिकांत दिसायची तसली सामग्री परवडणं शक्यच नव्हतं, म्हणून लागेल ते घरी किंवा टूलरूममध्ये बनवायचं. माझी बायको शेजारणीला सांगायची, "लोक पोरांचे फोटो काढतात, आमचे हे झुरळांचे काढतात." झुरळाचा फोटो मी उभ्या आयुष्यात एकदा काढला आहे. एकदा! पण ऐकतं कोण?

*

कॅमेरा आणि लेन्स यांच्यामध्ये एक पोकळ नळी बसवली की मुंगी उंदराएवढी दिसते, हे सलीमभाईंनी सांगितलं. तसली नळी बाजारात मिळेना. सोपान म्हणाला, "मग आमी कशाला हाय?" फोरमनला विचारून त्याने भंगारातला ॲल्युमिनियमचा तुकडा घेतला आणि जेवणाच्या सुट्टीत लेथवर नळी करून दिली. दोन्ही टोकांचे आटे असे की कॅमेऱ्यावर दोन बोटांनी फिरायची. मी ती तपासून पासही केली. कुणी सांगितलं नव्हतं, पण सवय!

पहिला रोल धुतला. छत्तीसच्या छत्तीस फोटो दुधात बुडवून काढल्यासारखे पांढुरके. दुसरा रोल, तेच. आम्ही दोघं सलीमभाईंवर घसरलो, "तुमचं केमिकल शिळं आहे!" सलीमभाईही तापले. त्यांनी नळी काढली, उजेडाकडे धरली, आत पाहिलं.

"अरे, ये क्या किया है? आतून आरसा केलाय तुम्ही!"

केला होताच. सोपानने आतली बाजू घासून घासून चकचकीत केली होती, आणि मी वर त्याची पाठ थोपटली होती. टूलरूमच्या माणसाला खडबडीत काम हातून सोडवत नाही. आत आलेला उजेड त्या चकाकीवर आपटून सगळ्या फिल्मवर पसरत होता.

"आतून काळं पाहिजे, भाऊ. काळं आणि खरखरीत," सलीमभाई म्हणाले.

सोपानने नळी छातीशी धरली. "असलं काम मी न्हाई करनार. तुमी करा. मी भाईर हुबा ऱ्हातो."

आणि खरंच तो बाहेर जाऊन उभा राहिला! आत मी शाळेच्या फळ्याला लावतात तो रंग नळीत फासत होतो.

*

चाकणच्या रस्त्याला एका रविवारी सकाळी मी चरातल्या गवतात पालथा पडलो होतो. समोर काडीवर चतुर बसलेला, चारी पंखांवर दव. ऊन चढेपर्यंत तो सहसा उडत नाही, पण आपण श्वास जरी जोरात सोडला तरी काडी हलते. मी श्वास धरून पडलेला. फोकस जमत आला होता.

तेवढ्यात कुणीतरी मागून माझे दोन्ही पाय धरले!

रस्त्यावर कांद्याचा ट्रक थांबला होता. ड्रायव्हर, क्लीनर आणि वरच्या पोत्यांवर बसलेले दोघे, सगळे खाली उतरलेले. "फीट आलीय! आकडी हाय! कांदा लावा नाकाला!" एकाने मला उताणं केलं, दुसऱ्याने बुक्कीने कांदा फोडला. मी ओरडतोय, "अहो, मी बरा आहे! फोटो काढतोय!"

"कशाचा?"

"चतुराचा!"

त्यांनी इकडे तिकडे पाहिलं. चतुर केव्हाच उडाला होता. ड्रायव्हर क्लीनरला हळू आवाजात म्हणाला, "दुसरा कांदा फोड."

माझं नाक दोन दिवस चुरचुरत होतं. घरी बायको म्हणाली, "चांगली माणसं होती." चांगली!

*

कारखान्याच्या कुंपणाच्या मेंदीवर सोपानला एक नाकतोडा सापडला. अंगठ्याएवढा, हिरवागार. सलीमभाईंच्या स्टुडिओत दिव्याखाली फोटो काढावा म्हणून मी तो भोकं पाडलेल्या खोक्यात घातला. गेटवर जमादारांनी अडवलं. हे लष्करातून आलेले, आणि स्वतःच्या मुलाचीही झडती घेतील असे.

"खोक्यात काय?"

"नाकतोडा."

"कुठला?"

"इथलाच. कुंपणावरचा."

"म्हणजे कंपनीच्या आवारातला. गेटपास?"

मला वाटलं चेष्टा करतायत. नव्हते करत! सोपानचं टाळकं सरकलं. "जमादार, कंपनी व्हायच्या आदी ह्ये समदं आमचं रान व्हतं. तवा नाकतोडं फुकट यायचं आन् फुकट जायचं. तवा कुनी पास मागितला न्हाई!"

त्यात खोटं काही नव्हतं. कारखाना सोपानच्या वडिलांच्या, म्हणजे आबांच्या शेतावरच उभा आहे. जमीन घेतली, मुलाला नोकरी दिली, हिशेब मिटला असं कंपनीला वाटलं. आबांना ते वाटलं नाही. भिंतीला लागून राहिलेल्या पट्ट्यात ते ज्वारी पेरायचे, पण कंपनीच्या गेटातून त्यांनी कधी पाऊल टाकलं नाही. दर जानेवारीला सोपान कंपनीचं कॅलेंडर घरी न्यायचा. आबा ते गुंडाळलेलंच माळ्यावर टाकायचे आणि भिंतीवर किराणा दुकानदाराचं लावायचे. सोपानला ते लागायचं. तो मला एकदा म्हणाला होता, "मी काढल्याला फोटू त्या क्यालेंडरवर आला, तर आबा लावतील. पोराचं काम हाय म्हनून तरी लावतील." फोटोच्या वेडात माझी हौस होती, सलीमभाईंचा धंदा होता, सोपानचं मात्र हे होतं.

असो. तर जमादार हटेनात. शेवटी मी गेटपास भरला. माल: नाकतोडा. नग: एक. आमच्या साहेबांनी न वाचता सही केली. जमादारांनी मात्र वाचलं आणि विचारलं, "रिटर्नेबल की नॉन-रिटर्नेबल?" मी रागाच्या भरात लिहिलं, रिटर्नेबल!

रविवारी नाकतोडा स्टुडिओतून उडून गेला. सोमवारी मी रस्त्याकडेचा दुसरा एक धरला आणि गेटवर खोकं उघडून दाखवलं. जमादारांनी बराच वेळ आत पाहिलं.

"हा तो नाही. तो हिरवा होता."

मी इन्स्पेक्शनचा माणूस! माझा माल रिजेक्ट झाला, तो एवढाच.

*

सलीमभाईंनी आमच्या कामाचा मान म्हणून एक फोटो मोठा करून स्टुडिओच्या काचेत लावला. घरमाशीचा चेहरा, हातभर मोठा. डोळ्यांतली जाळी मोजून घ्यावी इतकी स्पष्ट. नवरानवरीचे फोटो बाजूला सारून लावला!

दुसऱ्याच दिवशी शेजारचे हॉटेलवाले शेट्टी धावत आले. "सलीमभाई, माशी काढा! गिऱ्हाईक वडा खाता खाता काचेकडे बघतं आणि उठून जातं. सगळ्यांना वाटतं, माशी माझ्याकडची!"

सलीमभाईंचा पारा चढला. महिनाभर खपून काढलेला फोटो! "नाव लिहिलंय का तिच्यावर तुमच्या हॉटेलचं?"

"तेच म्हणतो. नाही लिहिलेलं. मग लोकांना कसं कळणार?"

सलीमभाई म्हणाले, "ठीक आहे." आणि त्यांनी पुठ्ठ्यावर सुवाच्य अक्षरात लिहून फोटोखाली लावलं: 'ही माशी शेजारच्या हॉटेलातली नाही.'

शेट्टी त्यानंतर वर्षभर आम्हाला चहा देत नव्हते.

*

कंपनीच्या स्नेहसंमेलनात फोटोंची स्पर्धा होती. सोपानने आपला सर्वांत चांगला फोटो दिला. आबांच्या पट्ट्यातल्या ज्वारीचं पान, पानाच्या टोकाला लोंबणारा दवाचा थेंब, आणि थेंबात भिंतीपलीकडची कंपनीची पाण्याची टाकी, तिच्यावर लिहिलेल्या कंपनीच्या नावासकट. थेंबातून मागचं चित्र उलटं दिसतं, म्हणून टाकी खाली डोकं वर पाय. त्यासाठी हा माणूस थंडीत सतरा सकाळी चिखलात गुडघे टेकून बसला होता. वारा आला की थेंब गळायचा, ऊन आलं की सुकायचा. सतरा सकाळी!

पुण्याहून परीक्षक आले होते. त्यांनी फोटो लांब धरला, जवळ धरला आणि म्हणाले, "दव नाही हे. ग्लिसरीन आहे. पिचकारीने सोडतात. आम्ही ओळखतो."

सोपान म्हणाला, "साहेब, उद्या सकाळी सहाला रानात या. दावतो."

"सहाला?" परीक्षक दचकले. "अहो, सहाला कोण उठतं!"

पहिलं बक्षीस सूर्यास्ताला गेलं. फोटो परचेस मॅनेजरचा. मी तिथल्या तिथे म्हणालो, "या सूर्याला ग्लिसरीन लावलेलं नाही ना, तेवढं बघा." त्याबद्दल मला समज देणारं पत्र आलं. ते अजून माझ्याकडे आहे. फ्रेम करणार होतो!

*

आणि त्याच फोटोला पर्सोनेल ऑफिसरनी नंतर स्वतः बोलावणं धाडलं. थेंबात कंपनीचं नाव आहे हे कुणीतरी त्यांच्या कानावर घातलं होतं. पुढच्या वर्षीच्या कॅलेंडरवर एकच मोठा फोटो हवा होता, खाली बारा महिन्यांचे छोटे चौकोन. "आणि खाली तुझं नाव छापू," ते सोपानला म्हणाले. सोपानने टूलरूममध्ये पेढे वाटले. जमादारांनाही दिला!

डिसेंबरअखेर गठ्ठे आले. मी वरचं कॅलेंडर उलगडलं आणि माझ्या डोळ्यांवर माझा विश्वास बसेना. ज्वारीचं पान खालून वर आलेलं, आणि त्याच्या टोकावर थेंब उभा. आभाळाकडे निघालेला! टाकी मात्र झकास सरळ, कंपनीचं नाव अक्षर न् अक्षर सुलटं. अख्खा फोटो फिरवून छापला होता. खाली सोपानचं नाव.

मी तसाच ऑफिसात घुसलो. "साहेब, हे काय केलंत?"

"काय केलं?" ते म्हणाले. "कंपनीचं नाव उलटं छापू? मालकांच्या केबिनमध्ये लागणार आहे ते!"

"पण साहेब, थेंब वर पडतोय!"

"मोकाशी, थेंबाला कोण विचारतं!"

मी सोपानकडे गेलो. तो लेथपाशी उभा होता, मशीन बंद. "जाऊ द्या राव," एवढंच म्हणाला. घरी न्यायला मिळालेलं कॅलेंडर त्याने तसंच गुंडाळून पिशवीत घातलं. मी तणतणत होतो, आणि ज्याने रागवायला पाहिजे तो फडक्याने हात पुसत होता. तेच तर मला सहन होत नव्हतं.

रविवारी राहवेना, म्हणून त्याच्या घरी गेलो. सोपान दळण घेऊन गिरणीत गेला होता. आबा ओट्यावर बसले होते. "या, बसा आत," म्हणाले. मी आत पाऊल टाकलं आणि थांबलो.

किराणा दुकानदाराचं कॅलेंडर खाली उतरवलं होतं. त्याच खिळ्यावर कंपनीचं लटकत होतं. खालच्या पत्र्याच्या पट्टीला भोक पाडून, सुतळी ओवून, अख्खंच्या अख्खं उलटं. ज्वारीचं पान वरून खाली आलेलं, थेंब टोकाला लोंबलेला, टाकी खाली डोकं वर पाय. आणि त्याच्यावर बारा महिने, सगळ्या तारखा, सगळे रविवार, उलटे.

"आबा," मी म्हणालो, "तारखा उलट्या झाल्या."

"व्हऊ द्या. तारीख कुनालाबी इचारता येती."

"पण सोपानचं नावही उलटं झालं ना."

आबांनी भिंतीकडे पाहिलं.

"नाव मला सुलटंबी वाचता येत न्हाई, राव. ज्वारी वळखू येती."