प्लास्टरची साक्ष

‘ते मला ठाऊक नाही.’ आमच्या चिंचवडच्या डॉक्टरसाहेबांच्या तोंडी हे वाक्य दिवसातून दहादा यायचं. हवा गार झाली की जुना मोडलेला हात का ठणकतो, असं पेशंटनं विचारलं, की हे हजर. सरकारी दवाखान्यातून हाडांचे डॉक्टर म्हणून निवृत्त झालेला माणूस असं कसं बोलतो, म्हणून लोक चक्रावायचे. मी त्यांच्याच वरच्या मजल्यावर भाड्यानं राहायचो आणि पुण्याच्या कोर्टात नुकती वकिली सुरू केली होती. या माणसाला चुकूनही साक्षीला उभं करू नये, असं माझं तेव्हाचं पक्कं मत. आणि मला जावं लागलं ते त्यांच्याच दारात.

त्याचं असं झालं. मोशीची एक बाई पिंपरीच्या बाजारात भाजी विकायची. नवरा कारखान्यात. डोक्यावर पाटी घेऊन ही पडली आणि नडगी मोडली. एका खासगी नर्सिंग होममध्ये प्लास्टर घातलं, ते इतकं आवळलं गेलं की तिसऱ्या दिवशी पाय काळा पडला आणि गुडघ्याखाली कापावा लागला. आम्ही भरपाईचा दावा लावला. कुबड्या घेऊन कुणी पाटी उचलू शकतं का, सांगा. लाकडी पाय आणि बसून विकायला एक गाळा, एवढंच तिला हवं होतं.

साक्षीला मी कंपनीच्या दवाखान्यातला एक ओळखीचा डॉक्टर नेला. समोरच्या वकिलानं विचारलं, स्वतः किती प्लास्टर घातलीत? एकही नाही. झालं, माझा साक्षीदार आडवा. हाडांचा जाणकार आणा, नाहीतर दाव्यात काही राहत नाही, असं सांगून न्यायाधीशांनी शेवटची तारीख दिली.

मग मी तळेगावपासून पुण्यापर्यंत हाडांच्या डॉक्टरांचे उंबरे झिजवले. चहा सगळ्यांनी पाजला. साक्षीचं नाव काढलं की प्रत्येकाला एकदम पेशंट आठवायचे. आपल्यातल्याविरुद्ध पिंजऱ्यात उभं राहायचं नाही, हा त्यांचा न लिहिलेला कायदा. माझा असा संताप व्हायचा, पण करतो काय?

शेवटी जिना उतरून खाली गेलो. डॉक्टरसाहेबांनी केसपेपर दोन दिवस वाचले. नर्सनं तीनदा लिहिलं होतं, पेशंट ठणका सोसवत नाही म्हणते. तीनदा दुखणं थांबवायचं इंजेक्शन दिलेलं. प्लास्टरला कुणी हात लावला नव्हता.

येतो म्हणाले, पण जे ठाऊक नाही ते ठाऊक नाहीच म्हणणार. मी कपाळावर हात मारून घेतला.

पिंजऱ्यात त्यांनी तेच केलं. हाड मुळात किती चिरडलं होतं? ठाऊक नाही, एक्स-रेचा फोटो बघायला मिळाला नाही. समोरचा वकील खुलला. म्हणाला, ‘डॉक्टर, तुमच्या हातून असं कधी घडलंय का?’

नाही म्हणा हो, मी मनातल्या मनात विनवत होतो. हरकत घ्यायला उठलो, तर त्यांनी मला हातानंच खाली बसवलं.

‘घडलंय. एका बाईचा हात गेला. ती दुखतंय म्हणत होती आणि मी घरी जेवायला गेलो होतो.’ मग ते न्यायाधीशांकडे वळले. ‘त्या दिवसापासून दर तासाला बोटांची नखं दाबून बघतो. पांढरं झालेलं नख पुन्हा लाल झालं पाहिजे. नाही झालं, तर प्लास्टर उभं चिरायचं. पाच मिनिटांचं काम आहे. या बाईसाठी ते कुणी केलं नाही.’

मागच्या बाकावर भाजीवाली पदर तोंडाला लावून बसली होती. नर्सिंग होमच्या डॉक्टरनं मान वर केली नाही.

दावा आम्ही जिंकलो. बाईला पाय मिळाला, गाळाही मिळाला. डॉक्टरसाहेबांकडे मात्र बाकीच्या डॉक्टरांनी पेशंट पाठवणं बंद केलं. नर्सिंग होमवाला तर त्यांना पाहून रस्ता ओलांडायचा. खाली त्यांच्या दवाखान्यातला पेशंटचा रिकामा बाक मला बघवत नसे, आणि हे म्हणायचे, बरं झालं राव, दुपारची झोप मिळते. आज ते नाहीत. पण एवढ्या कोर्टकचेऱ्या केल्या, असा माणूस मला पुन्हा भेटला नाही, हे सरळ सांगतो.

त्या निकालानंतर काही वर्षांनी ते धुतलेल्या पायरीवरून घसरले आणि त्यांचीच नडगी मोडली. पुण्याला न्यायला मी टॅक्सी आणली, तर त्यांनी ड्रायव्हरला त्याच नर्सिंग होमचा पत्ता सांगितला. अहो, डोकं फिरलंय का, असं माझ्या तोंडून निघूनच गेलं.

‘त्या हातानंतर मी एकही प्लास्टर आवळलं नाही,’ ते कळ सोसत म्हणाले. ‘तोही आवळणार नाही. तिकडंच घ्या.’

तो डॉक्टर दारातच थबकला. प्लास्टर स्वतः बांधलं, नर्सला पाठवून दिलं आणि स्टूल ओढून त्यांच्या पायाशी बसला. बाहेर पेशंट खोळंबले होते. कंपाउंडर दोनदा बोलवायला आला. तो उठला नाही. डॉक्टरसाहेबांना केव्हाच गाढ झोप लागली होती.