खालचा कॉम्प्युटर कोण बंद करतं?

माझे सासरे बूट करतात. ज्यांचा एक पाय आखूड, ज्यांचं पाऊल वाकडं, अशा माणसांचे. प्रत्येक पायाचा साचा त्यांनी खालच्या खोलीतल्या जुन्या कॉम्प्युटरवर काढून ठेवलाय. तो सुरू होताना असा कण्हतो की वाटतं, आधी त्यालाच डॉक्टरकडे न्यावं.

म्हणून नवऱ्याने वर नवा आणला. दोन्ही कॉम्प्युटर घरच्या नेटवर्कवर जोडायचे, साचे वर घ्यायचे, की झालं. झालं कसलं डोंबल! नव्याला जुन्याची रीतच कळेना. शेवटी कॉम्प्युटरवाला आला, खाली ठाण मांडून बसला, कसली कसली जुळवाजुळव केली आणि म्हणाला, "आता वरून खालचा दिसेल." दिसलाही. तो गेला आणि खालचा गायब!

बाबा खालचा चालू करून धापा टाकत जिना चढायचे. वर बघावं तर पत्ता नाही. मग नवरा खाली धावायचा.

"बाबा, चालूच केला नाहीत की!"

"अरे, केला. माझ्या हाताने केला."

"मग बंद कसा?"

"तेच तर कळत नाहीये मला!"

आधी आम्ही हसलो. पण रोज तेच व्हायला लागलं, तशी घरात कुजबुज सुरू झाली. सासूबाई स्वयंपाकघरात डोळे पुसत म्हणाल्या, "विसरायला लागलेत गं. काल चष्मा डोक्यावर आणि शोधतायत घरभर."

"आई, तो तर मीही शोधते," मी म्हटलं. पण खरं सांगते, भीती मलाही वाटायला लागली होती. असं विसरणाऱ्या माणसाच्या हाती चामडं कापायची धारदार रापी कशी ठेवायची? नवऱ्याने हेच बाबांना तोंडावर सांगितलं. असा राग आला मला त्याचा! बाबा उठले. रापी फडक्यात गुंडाळून त्यांनी नवऱ्याच्या टेबलावर ठेवली.

"शाळेच्या बाईंचे बूट अर्धे झालेत. तूच पुरे कर," म्हणाले. मला तिथे उभं राहवेना.

दुसऱ्या दिवशी, निदान साचे तरी वर जावेत म्हणून, त्यांनी पुन्हा खालचा चालू केला. मी धुतलेल्या कपड्यांची बादली घेऊन दाराशीच होते. कण्हणं या कानांनी ऐकलं. बाबा जिन्याकडे वळले. मागून सासूबाई आल्या, "भाजी कुठली करू गं?" असं मला विचारत त्यांनी दाराजवळच्या बोर्डावरून तळहात फिरवला. खट्, खट्, खट्. दिवा, पंखा, कॉम्प्युटर.

खोली सोडली की बटणं बंद, हा त्यांचा कायदा. लग्न होऊन आले तेव्हा पहिला धडा मला हाच मिळाला होता. कॉम्प्युटरवाला खोलीतच बसून होता, म्हणून तेवढा त्या दिवशी हात आवरला असणार.

"आई!" मी किंचाळलेच.

"काय झालं? खोलीत कोणी नव्हतं ना?"

"कॉम्प्युटर होता!"

त्यांनी बोर्डाकडे पाहिलं, मग आपल्या हाताकडे.

बाबा अर्ध्या जिन्यात थांबले होते. "रोज तूच करतेस बंद?"

"असेन. मला कुठे कळतंय हो? हात आपोआप जातो."

"म्हणजे मी चालू केला होता."

"केला होतात."

मला वाटलं, आता आभाळ कोसळणार. पण ते पायरीवरच बसले आणि लहान मुलासारखे रडायला लागले. "अगं, मला वाटलं, माझं डोकं गेलं," म्हणाले. सासूबाईही रडत होत्या. मी बादली खाली ठेवायचंही विसरले.

मग ते उठले, वर गेले. नवऱ्याच्या टेबलावरचं फडकं सोडलं, रापीची धार बोटाने पाहिली. नवऱ्याने तोंड उघडलं तेवढ्यात म्हणाले, "बाईंचे बूट मीच करणार. तू खाली जाऊन कॉम्प्युटर चालू कर. आणि खोलीतून निघताना आईला पुढे घाल."