दारातली बरगडी

त्या छोट्या गाडीला चाळीस वर्षं झाली म्हणून कंपनीने एक जाडजूड पुस्तक छापलं आणि प्रत्येक कामगाराच्या हातात एकेक प्रत कोंबली. गुळगुळीत पानं, रंगीत फोटो. पत्र्याच्या शेडमधून निघालेली पहिली ठेंगणी गाडी, मग गोल दिव्यांची, मग आत्ताची फुगीर गालांची. सत्तर देशांत खपली म्हणून दोन पानं भरून जगाचा नकाशा. गाडी कुणाच्या सुपीक डोक्यातून निघाली, फीत कुणी कापली, कंपनीतल्या बड्या लोकांनी कशी पाठ थोपटली, सगळं तपशीलवार. दारं कुणी बसवली, त्यावर एक अक्षर नाही. दारकाकांनी पुस्तक उलटंपालटं केलं, एका फोटोच्या कडेला स्वतःचं कोपर ओळखलं आणि पुस्तक कपाटावर भिरकावलं.

"सव्वीस वर्षं हाडं झिजवली, आणि छापलं काय, तर कोपर!"

"चेहरा छापला असता तर गाडी खपली नसती," बायको म्हणाली.

एरवी काका हसले असते. त्या दिवशी त्यांचं टाळकं सणकलं होतं ते कोपरामुळे नव्हे. नकाशाच्या पानावर मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं, 'जगात कुठेही घ्या, गाडी तीच.' अहो, इतकं धडधडीत खोटं! आणि ते खोटं आहे हे दारकाकांइतकं कुणाला ठाऊक असणार?

काकांचं काम दारांचं, म्हणून कारखानाभर त्यांचं नाव दारकाका. रंगून आलेलं दार स्टँडवर टांगायचं, आत काच, कुलूप, वायरी भरायच्या आणि पुढे पाठवायचं. दारावर निळं कार्ड असेल तर गाडी बोटीने परदेशी जाणार. पांढरं असेल तर इथेच विकणार. निळ्या कार्डाच्या दारात एक पोलादी नळी आडवी ठेवून चार बोल्टांनी आवळायची, बाजूने कुणी येऊन आदळलं तर आतला माणूस वाचावा म्हणून. कामगार तिला बरगडी म्हणत. पांढऱ्या कार्डाच्या दारात बरगडी नाही. साचा एकच, त्यामुळे बोल्टांची भोकं मात्र असायची, आणि त्या भोकांना काका रबरी बुचं लावायचे. तिकडच्या सरकारांनी सक्ती केली होती, इकडे कुणी विचारलंच नव्हतं. नवीन असताना काकांनी विचारलं होतं. "मग गाडी स्वस्त कशी पडणार?" सुपरवायझर म्हणाला. आणि काका दिवसाला दीडशे गाड्यांना बुचं लावत राहिले.

त्याच महिन्यात लेकीला नोकरी लागली, एका दवाखान्याच्या लॅबमध्ये. रोज हायवेने चाळीस किलोमीटर जायचं आणि तेवढंच परत यायचं, दोन्हीकडून ट्रक. कर्मचाऱ्यांना सवलतीत गाडी मिळते म्हणून काकांनी अर्ज केला. एका मंगळवारी ती गाडी लाइनवर आली. चारही दारांवर काकांच्या अर्जाचा नंबर आणि कार्ड पांढरंफेक.

बुचांचा डबा हातात होता. पहिलं बूच भोकाशी नेलं आणि हात पुढे सरकेना. माझ्या पोरीच्या बरगड्यांशेजारी रबराचं बूच? काकांनी डबा आपटला. मागे भंगाराच्या पिंजऱ्यात रंग खरवडला म्हणून नापास झालेल्या बरगड्या पडल्या होत्या. त्यातल्या चार उचलल्या, चारही दारांत आवळल्या, वरून आतलं आवरण बसवलं. कुणाच्या बापाला कळणार नाही असं त्यांना वाटलं.

पण हलकेपणा हा त्या गाडीचा मोठा तोरा. लाइन संपली की दर पन्नासावी गाडी काट्यावर चढवायचे. नशीब बघा, पन्नासावी नेमकी हीच निघाली, आणि भरली आठ किलो जास्त.

लाइनच्या साहेबाने काकांना केबिनमध्ये बोलावलं. साहेब वयाने मुलासारखा. आधी काका म्हणायचा, मग झापायचा.

"काका, कंपनीचा माल पळवता? शोभतं का या वयात?"

"पळवला कुठे? तुमच्याच काट्यावर उभा आहे."

"चारही बरगड्या काढा. आत्ताच्या आत्ता."

"नाही काढणार. हवं तर मला काढा."

साहेबाने केबिनचं दार लोटलं आणि आवाज खाली आणला. "हे बघा, तुम्हाला काढलं तर कारण लिहावं लागेल. बरगडी घातली असं लिहिलं, की कुणीतरी विचारणार, एरवी का नसते? नको ती भानगड. गाडी घेऊन जा. चार महिन्यांनी निवृत्त होताय, सुखाने व्हा. फक्त तोंड बंद ठेवा."

काका मोठ्या ऐटीत गाडी घरी घेऊन आले. लेकीला आत बसवलं, दार लावून दाखवलं, कसा भरीव आवाज येतो ते ऐकवलं, आणि सगळी हकिगत तिखटमीठ लावून सांगितली. लेक आधी हसली. मग स्टिअरिंगवरचे हात काढून काकांकडे वळली.

"बाबा, ती बुचं कोण लावतं?"

"कोण म्हणजे? मीच."

"लॅबमध्ये आम्ही पाचजणी आहोत. तिघींकडे हीच गाडी आहे. त्यांना मी काय सांगू?"

काका भडकले. "मी काय मालक आहे कंपनीचा? तुझ्यासाठी नोकरीवर पाणी सोडायला निघालो होतो, आणि तू माझीच उलटतपासणी घेतेस!" तरातरा आत गेले. जेवले नाहीत, बायकोशी बोलले नाहीत. पोरीचा राग आला, साहेबाचा आला, त्या पुस्तकाचा तर आलाच. सकाळी दाढी करताना आरशात पाहिलं तेव्हा समजलं की सगळ्यात जास्त राग स्वतःचा आलाय. साहेबाने त्यांना पोरीचा जीव देऊ केला होता आणि बाकीच्यांच्या पोरींबद्दल गप्प राहायला सांगितलं होतं. आणि ते हो म्हणून आले होते, वर ऐटीत!

कामाची पाळी सुरू झाली. पहिलंच दार आलं ते पांढऱ्या कार्डाचं. काकांनी बुचांच्या डब्याकडे पाहिलंसुद्धा नाही. लाइनवर प्रत्येकाच्या डोक्यावर एक पिवळी दोरी लोंबते आणि शेजारी पाटी असते, 'भाग कमी असल्यास ओढा.' काकांनी हात वर केला आणि जीव खाऊन दोरी ओढली.

भोंगा वाजला. पट्टा थांबला. या टोकापासून त्या टोकापर्यंत दोनशे माणसं हातातली हत्यारं घेऊन वळून बघायला लागली. साहेब धापा टाकत आला.

"काय झालं? कोणता भाग कमी आहे?"

"बरगडी."

"शुद्धीवर आहात का, काका? या गाडीत बरगडी नसतेच!"

"मोठ्याने सांगा, साहेब," दोरी न सोडता काका म्हणाले, "मागच्यांना ऐकू आलं नाही."