सुतकातला देव

माझ्या बायकोसोबत मी शेवटचं जे काम केलं, ते म्हणजे सुईत दोरा ओवून दिला. लातूरच्या रूमवर, शनिवारी सकाळी. भाकरी झाल्या होत्या अन् ती आमच्या नातीचा, शिवानीचा, कुर्ता मांडीवर घेऊन बसली होती. दुसऱ्या दिवशी नांदेडला शिवानीची डॉक्टरकीच्या प्रवेशाची परीक्षा होती, नीट म्हणतात ती; पोरीला न्यायला मी गावाकडनं आलो होतो. तिथं पूर्ण बाह्या चालत नाहीत, मोठी बटनं चालत नाहीत, अंगावर धातूचा कणसुद्धा चालत नाही. म्हातारीनं बाह्या कोपराच्या वर कापल्या अन् मला म्हणली, "ओवा दोरा. मला नाकापुढचं दिसंना." मला तरी कुठं दिसतंय! थुंकी लावून लावून दोरा भिजला. ती म्हणली, "ह्याच्यापेक्षा बैल लवकर जुंपताव तुम्ही." ओवला एकदाचा. बाह्या झाल्या, तर सुई पुन्हा माझ्याकडं. "अजून एकदा ओवा." मी म्हणलो, "झाल्या की बाह्या." तर म्हणली, "खालची दुमड उसवलीया. तुम्हाला काय करायचंय? ओवा अन् जावा, पोरीला केळी आणा." मी दुसरा दोरा ओवला अन् केळी आणायला गेलो. बस, एवढंच. त्यात लक्षात ठेवण्यासारखं काही नव्हतं.

आधीच सांगतो, मी देवाचा माणूस नव्हे. शिरूर अनंतपाळच्या बाजूला आमची शेती, मी चौथी शिकलेला. देव-देव सगळं तिच्याकडं होतं. आमचा कुळाचा देव खंडोबा. त्याचा चांदीचा टाक, म्हणजे अंगठ्याच्या पेराएवढा पत्रा अन् त्यावर घोड्यावर बसलेला देव. लातुरात क्लास लावलेल्या पोरांच्या आया अन् आज्या रूम करून राहतात, पोरांच्या पोटात घरची भाकरी जावी म्हणून. आमची सून शेतात लागते, मग म्हातारी गेली. दोन वर्षं राहिली. जाताना तांदळाच्या पिशवीत टाक घालून घेऊन गेली. मी म्हणलो होतो, "खंडोबाला काय डॉक्टर व्हायचंय का?" तर म्हणली, "जिथं आपली चूल तिथं आपला देव. अन् तुम्ही तर झाला न्हाईत, त्याला तरी होऊ द्या." अशी होती ती. मी एक बोललो की तिचं दुसरं तयार.

गेल्या साली शिवानीचं थोडक्यात हुकलं. माझा पोरगा दत्ता, म्हणजे तिचा बाप, म्हणला होता की हे साल शेवटचं, न्हाई झालं तर सोयरीक बघायची. त्या दिवसापासनं पोरीचं जेवण अर्ध्यावर आलं. म्हातारीची छाती अधनंमधनं दुखायची. डॉक्टरकडं चल म्हणलं की म्हणायची, "माझी छाती शिवानी बघंल. तवर न्हाई दुसऱ्याला हात लावू देत." सगळ्या गल्लीत सांगून ठेवलं होतं तिनं हे. बाया हसायच्या. मीही हसायचो.

शनिवारी दुपारी मी अन् शिवानी बसनं नांदेडला निघालो. दत्तानं टेम्पो आणला, रूम रिकामी केली अन् म्हातारीला सामानासकट गावाकडं नेलं. टेम्पोत पुढं बसून तिनं पोरीला हात केला. मला केला नाही. मला कशाला करील? रविवारी भेटायचंच होतं.

रात्री गुरुद्वाऱ्याच्या यात्री निवासात राहिलो. सकाळी लंगरमध्ये जेवलो. पोरगी पायरीवर बसून तोंडातल्या तोंडात पाठ करत होती, तेवढ्यात माझा फोन वाजला. दत्ता होता. पहिल्यांदा नुसता श्वास ऐकू आला. मग म्हणला, "आबा, माय गेली." मी म्हणलो, "कुठं गेली?" खरंच असं म्हणलो मी. तो म्हणला, "आबा, गेली म्हणायलोय. चहा पिता पिता गेली. कपसुद्धा फुटला न्हाई." माझ्या डोक्यात काहीच आलं नाही. रडू नाही, काही नाही. समोर एक सरदारजी फरशी पुसत होता. मी त्याच्या फडक्याकडं बघत राहिलो. ते फडकं इकडून तिकडं, तिकडून इकडं. पोरीनं विचारलं, "कुणाचा फोन, आबा?" अन् माझ्या तोंडातनं निघालं, "दत्ताचा. म्हैस सुटलीया म्हणं." ती म्हणली, "सापडली का?" मी म्हणलो, "हुडकत्यात." ती पुन्हा पाठ करायला लागली.

ते खोटं मी ठरवून बोललो नव्हतो, पण एकदा बोलल्यावर मी त्यात अडकलो. मी लांब जाऊन दत्ताला पुन्हा फोन लावला. तो म्हणत होता, "दोघंबी या माघारी. तिला आज्जीचं तोंड बघू द्या. परीक्षा दर साली येतीया, माय येणार हाय का?" त्याचं चुकीचं नव्हतं. अन् मी नवरा. बायको घरात पडलेली अन् नवरा तालुक्या-जिल्ह्याच्या पल्याड परीक्षेच्या दारात उभा, असं कुणी ऐकलंय का? पण सांगितलं तर पोरगी परीक्षेला बसत नव्हती, हे मला माहीत होतं. न बसली तर म्हातारीची दोन वर्षं चुलीत गेली. न सांगावं, तर पुढं पोरगी मला जन्मभर माफ करणार नाही. इकडं बघितलं की इकडचं खरं वाटायचं, तिकडं बघितलं की तिकडचं. मी दत्ताला म्हणलो, "सांगतो," अन् काहीच सांगितलं नाही.

ऑटोत बसल्यावर पुन्हा फोन. बारक्या आवाजात बोललो. माणूस गेल्यावर घरातले देव सुतक नसलेल्या घरी नेऊन ठेवतात. माझा चुलत भाऊ देव उचलायला आला, तर तांदळाच्या पिशवीत खंडोबाचा टाकच नाही. सगळं सामान उपसलं, टेम्पो झाडला. नाही. दत्ता म्हणला, "काका म्हणायलेत, देव आधी उठून गेला, मग माय गेली." ते ऐकल्यावर मला पहिल्यांदा भीती वाटली. बायको नाही, देवही नाही, मग राहिलं काय घरात?

केंद्राबाहेर रांग होती. आईबाप पोरांच्या तोंडात साखर घालत होते, कुणी दही. माझ्याकडं दोन केळी होती. मी उभ्या जन्मात काही मागितलं नव्हतं, तिथं रांगेत मागितलं. मनातल्या मनात, पण भांडल्यासारखं. म्हणलो, "तू गेलास असं म्हणत्यात. गेला असशील तर ऱ्हाऊ दे. पण जवळपास असशील, तर सांग, पोरीला सांगू का नको. बुद्धी द्यायची नसंल तर माझं तोंड तरी बंद कर." एवढंच. हात जोडले नाहीत, हातात केळी होती.

दारापाशी आल्यावर शिवानी मागं वळली अन् हात पुढं केला. "आबा, फोन द्या. आत जायच्या आधी आज्जीशी बोलते."

ती हात पुढं करून उभी. आता खोटं कसलं बोलायचं? म्हैस पुन्हा सुटली म्हणायचं? मी फोन खिशातनं काढला नाही. म्हणलो, "पोरी, आज्जी..." अन् पुढचा शब्द ओठावर होता. खरंच होता. तेवढ्यात दारावरच्या पोलीस बाईनं तिचा दंड धरून तिला पुढं ओढलं, "चला, चला, बोलत काय बसलाव!" अन् ते हातातलं मशीन तिच्या अंगावरनं फिरवलं. कुर्त्याच्या खालच्या दुमडीपाशी ते मशीन ओरडलं.

बाईनं पुन्हा फिरवलं. पुन्हा ओरडलं. मागून कुणीतरी म्हणलं, "कॉपीचं यंत्र असंल." शिवानी दोन्ही हात वर करून म्हणली, "मॅडम, काही नाही हो माझ्याजवळ, आईशप्पथ काही नाही." बाईनं तिला पडद्यामागं नेलं. दार बंद व्हायची वेळ होत आली होती. मी तिथं उभा राहून विचार करत होतो की आजच्या दिवसात अजून काय काय व्हायचं राहिलंय.

पडदा बाजूला झाला. शिवानी बाहेर आली, कुर्त्याची दुमड लोंबत होती, डोळ्यांत पाणी अन् तोंडावर हसू. लांबनंच ओरडली, "आबा! आज्जीनं खंडोबा शिवला होता ओ आत! तिला म्हणावं, शिवानी लई रागावलीया!" अन् पळत आत गेली. फोनचं तिला आठवलंच नाही. दार लागलं.

तो दुसरा दोरा. मीच ओवून दिला होता. धातू चालत नाही हे म्हातारीला पोरीनं दहा वेळा सांगितलं होतं, म्हातारीनंच तिला कानातलं काढून ठेवायला लावलं होतं, केसांच्या पिनासुद्धा काढल्या होत्या. पण तिच्या हिशेबानं देव म्हणजे काही धातू नव्हे.

पोलीस बाई माझ्याकडं आली. मूठ उघडली. टाक. "दातानं टाके तोडले मी," ती म्हणली. "काय ओ आजोबा, जरा अक्कल? पोरीचं साल गेलं असतं. आमच्या घरी बी हाच देव हाय म्हणून मला लगेच कळलं. दुसरी कुणी असती तर?" तिनं टाक कपाळाला लावला अन् माझ्यापुढं धरला. मी हात मागं घेतला. ती म्हणली, "धरा की." मी म्हणलो, "बाई, मला हात लावता येत न्हाई. सुतक हाय. जिनं हा शिवला ती सकाळी गेली. पोरीला म्हाईत न्हाई."

हे मी पहिल्यांदा तोंडानं बोललो, अन् बोलल्यावर ते मला कळलं. बाईनं मला धरून लिंबाखाली बसवलं. मग माझा हात ओढून त्यात टाक ठेवला अन् मूठ बंद केली. म्हणली, "त्याच्या घरातलं माणूस गेलंय, आजोबा. मंजे सुतक त्यालाबी हाय. दोघं बसा हितं." अन् पाण्याची बाटली ठेवून ड्युटीवर गेली. तिचं नाव विचारायचं राहून गेलं.

दोघं बसलो. मी दत्ताला फोन करून सांगितलं, "बर्फाची पेटी आण. पेपर सुटल्यावर येतो. तवर आईला ठेव. लोकांना मी तोंड देईन." तो चिडला. मग म्हणलो, "देव कुठं गेला न्हाई. माझ्या मुठीत हाय. मायनंच धाडलाय पोरीसोबत." त्याला हुंदका आला. म्हणला, "थांबतो, आबा."

पेपर सुटला. शिवानी बाहेर आली अन् माझं तोंड बघून जागीच थांबली. मी सांगितलं. आडवळण केलं नाही, मला येत नाही. ती म्हणली, "कधी?" म्हणलो, "सकाळी." मग म्हणली, "म्हैस सुटलीच नव्हती?" मी म्हणलो, "न्हाई." तिनं माझ्या छातीवर बुक्की मारली. जोरात मारली. मग त्याच छातीवर डोकं टेकून रस्त्यात ओरडली. दत्तानं पाठवलेल्या जीपमध्ये ती सगळ्या वाटेनं टाक मुठीत धरून, माझ्याकडं पाठ करून बसली. घरी दिवस बुडाल्यावर पोचलो. म्हातारीला थांबवलं होतं. शिवानीनं तिच्या छातीवर हात ठेवला अन् बराच वेळ काढलाच नाही. पुढचं लिहवत नाही.

आता लोक विचारतात, तू देव मानायला लागलास का? मशीनचं काम वाजायचं, ते वाजलं. माझ्या तोंडावरचा शब्द तिथंच राहिला, तो कुणी थांबवला, देवानं का तिनं, मला ते वेगळं करता येत नाही. मी बरोबर केलं का, तेही सांगता येत नाही. निकाल अजून लागायचाय. लागंल तसा लागो. एवढं कळलं की माणसाच्या हातात दोरा ओवून देणं असतं. शिलाई कुठवर जाणार, त्याला कोण सांगतंय? त्या बाईचे उपकार माझ्यावर हायत. तिला देवानं धाडलं असंल तर त्याचेही हायत. आयुष्यभर मी त्याला टोमणे मारले, अन् माझ्या वाईटात वाईट दिवशी तोच एकटा माझ्याजवळ बसून राहिला.

दुसऱ्या दिवशी सकाळी चुलत भाऊ टाक न्यायला आला. मी दिला नाही. म्हणलो, "त्यालाबी सुतक हाय." शिवानीचा कुर्ता दोरीवर होता, दुमड लोंबती. तो काढून घेतला अन् ओट्यावर बसलो, टाक शेजारी ठेवला. सुईत दोरा जाईना. थुंकी लावली, पुन्हा लावली. शिवानी आतनं आली, माझ्या हातातनं सुई घेतली अन् दोरा ओवून दिला. अन् मी दुमड शिवली.