काच फुटण्याची वाट

मकबूल उस्तादांना काच फुटायला हवी होती आणि काच काही फुटत नव्हती.

कसबा पेठेतल्या एका जुन्या देवस्थानाच्या नगारखान्याला, कमानीच्या माथ्यापासून उजव्या खांबापर्यंत, तडा गेला होता. तड्यावर उस्तादांनी तीन जागी काचेच्या पट्ट्या आडव्या चिकटवल्या होत्या. भिंत सरकत असेल तर काच फुटते, जागेवर असेल तर नाही. दिल्लीच्या एका संस्थेने हीच अट अर्जात घातली होती. महामारीत कामं थांबल्याने धोक्यात आलेल्या वास्तूंसाठी तिने तातडीचा निधी काढला होता आणि तातडी सिद्ध करायला पंधरा दिवस दिले होते. काच फुटली तर टेकूंचा खर्च लगेच मंजूर. नाही फुटली तर वास्तू स्थिर, अर्ज पुढच्या वर्षी.

पुढच्या वर्षापर्यंत कमान थांबेल असं उस्तादांना वाटत नव्हतं. मे संपत आला होता. गल्लीचं दुसरं तोंड साथीमुळे पत्रे ठोकून बंद केलेलं, त्यामुळे साठ बिऱ्हाडं, दूधवाला आणि रुग्णवाहिका, सगळं याच कमानीखालून जाई. विषाणूच्या भीतीने लोक एकमेकांपासून सहा फूट लांब राहत, कमानीखाली मात्र दाटीने उभे राहत, कारण तिथे सावली होती.

उस्ताद त्रेसष्ट वर्षांचे. चुन्याचं काम करणारी त्यांची चौथी पिढी. मुलगा शहेजाद मोबाइलच्या दुकानात लागला असल्याने शेवटचीही. सिमेंटचं पोतं त्यांनी आयुष्यात उघडलं नव्हतं. "त्यात भिंतीचा जीव गुदमरतो," एवढंच म्हणत. त्यांच्या घरच्या मोरीलाही चुन्याचाच गिलावा होता आणि ती बारा महिने गळे. त्यावर बोलणं त्यांच्या पत्नीने, अख्तरबानूंनी, पंचवीस वर्षांपूर्वीच सोडलं होतं.

देवस्थानाचे विश्वस्त सीतारामपंत समोरच राहत. रोज दहा वाजता ते गॅलरीतून विचारत, "फुटली का हो?"

"नाही."

"अभिनंदन. म्हणजे आपण बुडालो."

बाराव्या दिवशी पंत मास्क सावरत खाली उतरले. "उस्ताद, नखाने फुटेल ती. आपल्याला शोभत नसेल तर मी फोडतो."

"पंत, भिंतीने फोडलेल्या काचेचे तुकडे खालीवर होतात. नखाने फोडलेले जागेवर राहतात. ओळखू येतं."

"कोण ओळखणार? निधीच्या बाई दिल्लीत बसल्यात."

"मी इथे आहे ना."

"तीच तर अडचण आहे."

पंत वर गेले. उस्तादांनी सवयीने कमानीवर बोटाचं पेर वाजवलं. आवाज कालच्यापेक्षा पोकळ आला. कान सांगत होता भिंत चालली, काच सांगत होती नाही. चाळीस वर्षांत कान खोटं बोलला नव्हता. त्यांनी शिडी लावली, वरच्या पट्टीपाशी गेले आणि ती ज्या गोळ्याने चिकटवली होती त्यावर अंगठा दाबला.

अंगठा आत गेला.

पट्ट्या त्यांनी चुन्यानेच चिकटवल्या होत्या. दुसरं काही असतं हे मनातच आलं नव्हतं. सावलीतला जाड चुना महिनाभर आतून मऊ राहतो, हे सबंध पेठेत त्यांच्याइतकं कुणाला माहीत नव्हतं. भिंत बारा दिवस सरकत होती, आणि काच त्या मऊ गोळ्यातून निमूटपणे घसरत होती. चुन्यावर तांदळाच्या दाण्याच्या जाडीचा ओरखडा उमटला होता.

ते खाली आले. "पंत, तुमच्याकडे सिमेंट आहे?"

पंत गॅलरीच्या कठड्यावर आरामात रेलले. असा प्रश्न घाईने संपवण्यासारखा नव्हता. "गच्चीसाठी आणलेलं अर्धं पोतं आहे. किती देऊ?"

"वाटीभर. आणि... त्यात पाणी किती घालतात?"

जुन्या पट्ट्यांशेजारी त्यांनी तीन नव्या बसवल्या.

पंधराव्या दिवशी अकरा वाजता मोबाइलवरून पाहणी होती. देवस्थानाची आर्किटेक्ट तेजस्विनी सदाशिव पेठेतून, चौकाचौकात पास दाखवत, आली होती. तिने फोन कमानीसमोर धरला. निधीच्या बाई मूळच्या नागपूरच्या निघाल्या, त्यामुळे संवाद मराठीत झाला.

"खालची पट्टी?"

"अखंड."

"मधली?"

"अखंड."

वरची फुटली होती. दोन तुकडे खालीवर झाले होते.

"ही केव्हा फुटली?"

तेजस्विनीने फोनवर तळवा ठेवला. "चाचा, नुसतं 'आज सकाळी' म्हणा. खोटंही नाही ते. पुढचं त्यांनी विचारलेलं नाही."

"आज सकाळी," उस्ताद म्हणाले. मग थांबले. "पण पट्टी तीन दिवसांचीच आहे, मॅडम. आधीच्या मी चुन्याने लावल्या. त्या फुटणारच नव्हत्या. चूक माझी."

"संपलं," पंत मागून म्हणाले.

उस्तादांनी जुने गोळे दाखवले, ओरखडे दाखवले. बाईंनी फोन आणखी जवळ न्यायला लावला. "याला अर्जात रकाना नाही," त्या म्हणाल्या. "पण एक सांगा, भिंत सरकतेय म्हणता, तर तुम्ही सगळे तिच्याखाली का उभे आहात?"

पंधरा दिवस सगळे काचेकडे बघत होते.

"आधी बाहेर व्हा. रस्ता बंद करा. पाचपर्यंत कळवते."

उस्तादांनी कमानीबाहेर रस्त्यावर शिडी आडवी टाकली आणि तिच्यापुढे स्टूल टाकून बसले. लोक चिडले. "आता इथेही पत्रे लावणार का?" असं विचारून गेले. साडेतीनला गल्लीतल्या मुक्ताईंना न्यायला रुग्णवाहिका आली. त्यांना श्वास लागत होता. चालकाने हॉर्नवरचा हात काढला नाही.

"मागून जा."

"मागे पत्रे आहेत, चाचा! पेशंट मरेल!"

"इथून गेलात तर तुम्हीही मराल. मागून जा."

उस्ताद स्टुलावरून उठले नाहीत. गल्लीच्या दुसऱ्या तोंडाशी पंतांनी, जन्मात सिग्नल न तोडलेल्या माणसाने, पत्र्याचे खिळे उपटायला घेतले होते. हवालदार आधी ओरडला. मग पत्रा पंतांच्या पायावर पडेल असं दिसल्यावर त्याने दुसरं टोक धरलं. रुग्णवाहिका मागून आत आली आणि मुक्ताईंना घेऊन गेली.

पाच वाजून गेले. पाऊण तासाने तेजस्विनीचा फोन वाजला. मंजूर, फक्त टेकूंपुरतं.

लाकूड दुसऱ्या दिवशी आलं. उस्तादांनी कुणालाही आत येऊ दिलं नाही. एकट्यानेच पहिला टेकू कमानीच्या माथ्याखाली उभा केला आणि पाचर ठोकत गेले, हळूहळू, प्रत्येक ठोक्यानंतर कान लावून. सातव्या ठोक्याला वरून चिमूटभर माती खांद्यावर पडली. आठव्याला लाकूड करकरलं आणि भार घेतला.

त्यांनी टेकूवरचा हात मात्र बराच वेळ काढला नाही.