राणीला समुद्रातून कुणी काढलं

हे मी आजवर कुणापाशी बोललो नाही. सुमनपाशी बोलायची गरजच नव्हती — ती तिथे होती.

पैनगंगेच्या काठी, बेल्याजवळच्या एका गावात मी मास्तर होतो. जिल्हा तेव्हा आंध्रात, तरी समुद्र दीड दिवसाच्या वाटेवर. शाळेतल्या कुणीच तो पाहिला नव्हता. एका उन्हाळ्यात आम्ही सगळे मास्तर बायकापोरांसह निघालो. त्या किनाऱ्याचा एक भाग कासवांसाठी राखलेला, उरलेला लोकांसाठी. सुरूची झाडं, झोपाळे, पोरांची छोटी आगगाडी, कपडे बदलायच्या खोल्या. डुंबायची जागा जाड दोरीने आखलेली. माझी बायको सुमन पाणी पाहून जी हसली — तशी हसताना मी तिला लग्नानंतर पहिल्यांदाच पाहिलं. पैनगंगेच्या काठावर, नदीत पोहत वाढलेली ती.

मंडळी आगगाडीकडे गेली. हेडमास्तरांची सहा वर्षांची राणी आमच्यापाशी खेळत होती. लक्ष मी ठेवायचं होतं — आणि मी शेंगा फोडत बसलो होतो. मान वर केली, तर पोरगी दोरीच्या पार!

मी ओरडलो. पाय मात्र हलले नाहीत. रखवालदार शिट्टी फुंकत तरंगायचा टायर आणायला पळाला. सुमनने पदर खोचला आणि — काय सांगू तुम्हाला! लाट अंगावर आली, ही तिच्या खालून निघाली. दुसरी आली, तिच्याही खालून. राणीला खांद्यावर टाकून परतली, तेव्हा कुठे मी गुडघाभर पाण्यात शिरलो आणि पोरीला तिच्याकडून घेतलं. सुमन मागे खोकत बसली होती. तेवढ्यात सगळे धावत आले.

हेडमास्तर माझ्या गळ्यात पडून रडले. "सर, तुमी माह्या पोरीला वाचवलं!"

नाही म्हणायला कितीसा वेळ लागतो?

"वहिनी घाबरून पडल्या वाटते पाण्यात," कुणीतरी म्हणालं. मी तेही खोडलं नाही.

गावात माझा शाल-श्रीफळ देऊन सत्कार झाला. सुमन बायकांत बसून टाळ्या वाजवत होती. घरी तिने एकदाच विचारलं, "काऊन बोलले नाही जी तुमी?"

"सगळेच बोलून राह्यले होते," मी म्हणालो. हे उत्तर होतं?

पुढच्या रविवारी ती राणीला घेऊन नदीवर गेली. "पोरीच्या जातीला पोहता आलंच पाह्यजे." मग राणीच्या मैत्रिणी आल्या, मग त्यांच्या बहिणी. लोक हसले, नावं ठेवली — सुमनचा एकही रविवार चुकला नाही. आणि काही वर्षांनी, पुराचं पाणी ओसरल्यावर, अख्खं गाव काठावर उभं असताना राणी पैनगंगा पोहून पार गेली! पलीकडे महाराष्ट्राच्या काठावर दोन्ही हात उंच करून उभी राहिली. बायका अशा ओरडल्या की बैल बुजले. सुमन कमरेइतक्या पाण्यात उभी राहून हसत होती — अगदी समुद्रावरचं हसू.

हेडमास्तरांनी माझ्या पाठीवर थाप मारली. "सर, वाचवली कोणं होती पोरगी!"

मी तेव्हाही हसलो.

राणीला समुद्रातून सुमनने काढलं. नदीपारही सुमननेच नेलं. मी दोन्ही वेळा काठावर होतो.