काकाजींची बदकं

आमच्या शेजारच्या काकाजींइतका स्वतःच्या डोळ्यांवर भाळलेला माणूस अख्ख्या गोंदिया जिल्ह्यात दुसरा नसेल. बाकी शरीराबद्दल त्यांचं मत फार वाईट. सिकलसेल हा रक्ताचा आजार त्यांना जन्मापासूनचा. थंडी पडली की सांधे असे ठणकायचे, की डोंग्यातून मासे धरणारा हा हडकुळा गडी गोधडीत शिरून सगळ्या देवांना शिव्या घालायचा. "हाडं बेईमान, रक्त बेईमान," ते म्हणायचे, "पन डोळे? डोळे मातर राजाचे!" आणि ते काही उगाच नव्हतं. बोदलकसा तलावाच्या पाळीवर, त्या मातीच्या बांधावर उभं राहून, पाण्यावरची नुसती थरथर बघून, खाली मरळ आहे की रोहू ते सांगायचे. चष्मेवाल्यांची त्यांना मनापासून कीव यायची. माझा चष्मा दिसला की "ये बापा, खिडकीवाल्या, बस," म्हणून आधी मला सावलीत जागा करून द्यायचे.

तिरोड्याला सिकलच्या पेशंटांचे डोळे तपासणार होते, तेव्हा काकूंनी त्यांना बळंच माझ्या गाडीवर बसवलं. काकाजींनी तक्त्यावरची शेवटची ओळ घडाघडा वाचली, शिवाय तळाशी छापलेलं छापखान्याचं नावही वाचून दाखवलं. डॉक्टरीणबाई हसल्या. म्हणाल्या, आता थेंब टाकून आतला पडदा बघू. झालं! काकाजी ताडकन उठले. "पास झालेल्या पोराची परत परीक्षा कायले घेता जी?" आणि चप्पल घालून थेट रस्त्यावर. पुढे कितीतरी दिवस त्यांनी गावाला त्या तक्त्याची गोष्ट ऐकवली.

मग भर वैशाखात त्यांनी जाहीर केलं, की तलावावर बदकं आली. अहो, हिवाळ्यात येणारी ती परदेशी बदकं ऊन तापायच्या आत निघून जातात, हे शेंबड्या पोरालाही ठाऊक! पण काकाजी पाळीवर उभे आणि बोट आभाळाकडे. "ते पाह्य, काळा थवा उतरून रायला." आभाळ कोरं करकरीत. डोंगेवाले म्हणाले, काकाजीले ऊन लागलं. काकाजी त्यांच्याशी भांडले, बोलणं टाकलं. थवा मात्र रोज वाढतच होता. एकदा मीच विचारलं, "काकाजी, कोणीकडे उतरली?" त्यांनी मान डावीकडे वळवली, तर बदकंही डावीकडे. उजवीकडे वळवली, तर उजवीकडे.  मग त्यांनी तळहातानं उजवा डोळा झाकला. "बापू, डोळा झाकला तं सारीच उडाली रे." मी त्यांना तसंच गाडीवर बसवून तिरोड्याला नेलं.

डॉक्टरीणबाईंनी रागावता रागावता नीट समजावलं. सिकलच्या वाकड्या पेशींनी डोळ्याच्या पडद्याच्या कडेच्या बारीक रक्तवाहिन्या बुजतात. पाटाच्या टोकाला असलेल्या धानाच्या बांध्यांना पाणी पोचू नये, तसं होतं. मग तिथं नव्या वाहिन्या फुटतात, पण त्या फार नाजूक, फुटून आत रक्त सांडतं. त्याचे काळे ठिपके डोळ्यापुढे तरंगतात. दुखत काही नाही, आणि मधली नजर शाबूत असते, म्हणून तक्ता खुशाल वाचता येतो. उजव्या डोळ्यावर धुकं आलं ते कायमचं. डाव्याची कड लेझरनं शेकून घेतली. बाई म्हणाल्या, आता भिस्त या एकावर. असं काही पुन्हा दिसलं, तर त्याच दिवशी यायचं.

परवा सकाळी आम्ही दोघं पाळीवर बसलो होतो. बोलता बोलता काकाजी थांबले आणि त्यांनी माझी बाही धरली. "बापू, त्या झाडाच्या वर. बदकंच होत ना?"

दिसण्याच्या बाबतीत या माणसानं जन्मात कुणाला विचारलं नव्हतं. मी वर पाहिलं. आभाळात काही नव्हतं. मला त्यांची इतकी माया आली, की "हो" अगदी ओठांवर आलं.

"नाही, काकाजी."

"एकबी नाई?"

"एकही नाही."

ते गुडघ्यावर हात टेकून उठले. मग म्हणाले, "चाल मंग, गाडी काढ."

मागे बसून त्यांनी माझा खांदा घट्ट धरला, आणि वाटेत दिसेल ते मोठमोठ्यानं सांगू लागले. म्हैस होय. नांगरलेली बांधी. लाल लुगड्याची बाई, डोक्यावर मोळी. प्रत्येक वेळी थांबायचे, माझ्या उत्तराची वाट बघायचे. आणि मी तिरोडा येईस्तोवर म्हणत होतो, "हो काकाजी. आहे. हो, तीही आहे."